ड्रायसूटमध्ये लघवीला लागली तर: थंड पाण्यात उतरणाऱ्या मैत्रिणींसाठी

आधी एकच गोष्ट, बाकी सगळं नंतर: डाइव्हच्या दिवशी पाणी पिणं कमी करू नका.

हे मी मुद्दाम पहिल्यांदा लिहितेय, कारण आपल्याला उलटंच वळण लागलेलं असतं. शाळेची मुतारी घाण, एसटी स्टँडवरची त्याहून घाण, म्हणून घरून निघतानाच दोन घोटांवर भागवायचं. तारकर्लीला डायव्हिंग शिकताना या सवयीने काही बिघडलं नाही. तिथलं पाणी कोमट, अंगात वेटसूट, म्हणजे पाणी आत शिरू देणारा सूट, पाण्यातच होऊन जातं आणि कुणी त्यावर बोलत नाही. इंग्लंडात लेस्टरजवळ स्टोनी कोव्ह नावाची पाण्याने भरलेली जुनी दगडखाण आहे, तिथे हिवाळ्यात उतरायचं तर ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊच न देणारा सूट लागतो. गळ्याला सील, मनगटांना सील, पाठीवर आडवी चेन, जी आपली आपल्याला उघडताही येत नाही. आत जे होईल ते आतच राहणार.

माझ्या ड्रायसूटच्या इन्स्ट्रक्टरनेही तोच सल्ला दिला: सकाळपासून चहा-पाणी टाळ. माणूस भला होता, पण त्याला स्वतःला मांडीवरच्या व्हॉल्व्हची, म्हणजे लघवी सूटबाहेर सोडणाऱ्या झडपेची सोय होती. मी ऐकलं. दुसऱ्या डाइव्हनंतर डोकं ठणकत होतं, पिंढऱ्यांत गोळे येत होते, आणि लघवीला तरीही जोरात लागलीच होती.

लागणारच. गळ्याइतक्या पाण्यात गेलं की पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं. थंडीने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, तेही रक्त आत येतं. हृदयाचे कप्पे ताणले जातात, शरीराला वाटतं रक्त फार झालं, आणि मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकायला लागतात. तुम्ही सकाळी काही प्यायला असा वा नसा, हे होतंच. प्यायला नसाल तर ते पाणी तुमच्या रक्तातून जातं. त्यात सिलिंडरची हवा कोरडी, प्रत्येक श्वासाबरोबर ओलावा जातो. काठावर सूट घालून उभं राहिलं की घाम वेगळाच. डीकंप्रेशन सिकनेस, म्हणजे वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन जडणारा आजार, ज्याला डायव्हर बेंड्स म्हणतात, त्याचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत शरीरातलं पाणी कमी होणं धरलं जातं. म्हणजे ओलं होण्याच्या लाजेपायी आपण बेंड्सला आमंत्रण देतो. दुसरा धोका आणखी सरळ आहे: कळ अनावर झाली की वर येताना पाच मीटरवर सुरक्षेसाठी थांबायची तीन मिनिटं नकोशी होतात आणि बाई वर निघते. दाबून धरणं हा उपाय नाहीच. लघवी थांबवणाऱ्या गोळ्यांचा तर विचारही करू नका. त्या घेऊन वरून पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम घसरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं.

मग करायचं काय? सुरुवातीला मोठ्यांचा डायपर. यात कमीपणा काही नाही. अनुभवी बायकाही वापरतात. चिकटपट्ट्यांचा घ्या, चड्डीसारखा नको, कारण बदलताना पाय पूर्ण बाहेर काढावे लागत नाहीत. पाण्यात आपण पालथ्या तरंगतो, त्यामुळे सगळं मागे न जाता पोटाकडे येतं. म्हणून पुढची बाजू बेंबीपर्यंत वर ओढून बांधा आणि एकदम सोडू नका, थोडं थोडं सोडा. सूट दाबून बसला की डायपरची शोषायची ताकदही कमी होते. अंडरसूट, म्हणजे ड्रायसूटच्या आत घालायचा उबदार कपडा, दोन तुकड्यांचा असला तर बदलणं खूप सोपं जातं. पहिला प्रयोग घरी, न्हाणीघरात करा. उभ्याने, कपड्यांत लघवी होता होत नाही. लहानपणापासूनची शिस्त आड येते. ते सगळ्यांचंच होतं, दोन-तीनदा केलं की सुटतं.

लांब डाइव्ह करायला लागलात की शी-पी. सिलिकॉनचा छोटा कप, वैद्यकीय गोंदाने अंगाला चिकटवायचा, त्याची नळी मांडीवरच्या त्याच व्हॉल्व्हला, पी-व्हॉल्व्हला, जोडायची. कपच्या कडेखालची त्वचा केस काढलेली, कोरडी, तेल-क्रीमशिवाय हवी. केस आदल्या दिवशी काढा, ताज्या ओरखड्यांवर गोंद भयंकर झोंबतो. आणि हे घरूनच लावून निघा. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत स्कापा फ्लोला 1919 साली बुडवलेल्या जर्मन युद्धनौका बघायला बोटी जातात, त्यांच्यावर शौचालय असतं, पण हलत्या बोटीत गोंद, आरसा आणि धीर तिन्ही एकदम हातात धरता येत नाहीत. व्हॉल्व्ह बॅलन्स्ड प्रकारचाच घ्या, म्हणजे खाली जाताना नळीत पोकळी तयार होऊन अंग ओढलं जात नाही. दोन डाइव्हच्या मध्ये नळी सोडली असेल तर सूटची चेन लावण्यापूर्वी हाताने चाचपून बघा, जोडली आहे की नाही. बडीलाही, म्हणजे बरोबर उतरणाऱ्या जोडीदारालाही, विचारायला सांगा. न जोडलेली नळी म्हणजे सगळं अंडरसूटमध्ये, आणि चार अंशांच्या पाण्यात ओला अंडरसूट हा निव्वळ गैरसोयीचा प्रश्न नसतो.

दुकानदार सूटबरोबरच व्हॉल्व्ह बसवून देतो म्हणतील. थांबा. आधी ज्या बाईने वापरलाय तिच्याशी बोला. या बाबतीत हजार डाइव्हचा पुरुष इन्स्ट्रक्टर तुम्हाला जे सांगेल, त्यापेक्षा पन्नास डाइव्हची बाई जास्त सांगेल, असं माझं ठाम मत आहे.

पाळीत डायपरबरोबर मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन चालतो. रक्ताच्या वासाने शार्क येईल ही भीती सोडून द्या.

नळी आणि व्हॉल्व्ह मात्र दर वेळी जंतुनाशकाने धुवा आणि पूर्ण वाळवा. 2018 साली थायलंडच्या गुहेतून मुलांना बाहेर काढणारे ऑस्ट्रेलियन डॉक्टर रिचर्ड हॅरिस, त्यांनी त्याच्या कितीतरी आधी या व्हॉल्व्हमुळे डायव्हरना झालेल्या मूत्रमार्गाच्या संसर्गांबद्दल लिहून ठेवलंय. डाइव्हनंतर जळजळ, ताप, कंबरेत दुखणं यांतलं काही झालं तर घरी जिरं-धण्याचं पाणी पीत बसू नका. डॉक्टरकडे जा आणि नळीचं स्पष्ट सांगा. बहुतेकांनी ती पाहिलेली नसते, तुम्ही बोलला नाहीत तर त्यांच्या लक्षात येणार नाही.