पोराच्या बॅगेत बाटली घावली तर

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माझं औषधांचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात एका ताईंनी काउंटरवर रुमालाची गाठ सोडली. आत १० मिलीची काचेची बाटली, रबरी बुचावर सुयांची पाच-सहा भोकं. "भाऊ, हे कशाचं औषध हाय? पोराच्या जिमच्या बॅगेत घावलं."

मेफेंटरमिन. ऑपरेशनसाठी पाठीत भूल दिल्यावर रक्तदाब उतरला तर भूलतज्ज्ञ हे देतात. पोरं ते व्यायामाआधी टोचून घेतात. दंडात ताकद येत नाही, दमल्याचं कळेनासं होतं. रक्तदाब चढतो, छाती धडधडते, झोप उडते. पुढं काहींना घरच्यांचाच संशय येतो, भास होतात. विशीतल्या पोराचंही हृदय बंद पडू शकतं. सुई चौघांत फिरली तर एचआयव्ही आणि काविळीचा धोका वेगळाच. दूध-बदामावर पोसलेल्या तालमींच्या गावात हे बघताना पोटात तुटतं.

असं काही घावलं तर फेकू नका. बाटली, गोळ्यांची रिकामी पाकिटं, सिरपचं खोकं, सगळं डॉक्टरांना दाखवा. उपचार कशावर करायचा ते त्यावरूनच लवकर कळतं.

डोळे लाल आणि अवेळी भूक, हे गांजानं होतं. कोडीनचं खोकल्याचं सिरप अफूच्या जातीचं. त्यानं गुंगी येते, पोट गच्च होतं. पंक्चरचं सोल्युशन किंवा व्हाइटनर हुंगणाऱ्याच्या कपड्यांना वास येतो, नाकातोंडाभोवती पुरळ उठतो. हुंगणं पोरखेळ समजू नका, पहिल्याच वेळी जीव गेल्याची उदाहरणं आहेत.

पोरावर हात उगारू नका. नशेत असताना तर काहीच बोलू नका. सकाळी, पोटात चार घास गेल्यावर विचारा: कधीपासनं, किती, कोणाबरोबर.

आणि एक चूक मी फार बघितली आहे: रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम तोडणं. दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, फिट येते, माणूस बरळायला लागतो; यात मृत्यूही होतो. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवायच्या.

हाक मारून उठत नाही, श्वास संथ, ओठ निळसर, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी? कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा. मिठाचं पाणी, ताक, लिंबू काही पाजू नका, ते श्वासनळीत जातं.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी १४४१६, दोन्ही सरकारी आणि मोफत. कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, म्हणजे सीपीआरला, मानसोपचार विभाग आहे.

त्या ताई बाटली माझ्याकडंच ठेवून निघाल्या होत्या. मी ती परत त्यांच्या रुमालात बांधून दिली आणि सीपीआरमध्ये केसपेपर कुठं काढायचा ते कागदावर लिहून दिलं.