पुराच्या मदतीचा टेम्पो काढताय? आधी या चुका टाळा

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या वर गेली आणि सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ च्या वर गेली की माझा फोन वाजायला लागतो. ‘दादा, टेम्पो भरतोय, काय काय टाकू?’ असं विचारणारे फार थोडे. बाकीचे ‘दादा, टेम्पो निघालाय, कुठं उतरवू?’ असं विचारतात. घोळ तिथंच होतो.

मी शिरोळ तालुक्यातला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जयसिंगपूरच्या एका मंगल कार्यालयात आलेला माल उतरवून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, २०२१ च्या जुलैमध्ये परत तेच. म्हणजे मी मदत पाठवणारा कमी आणि उतरवून घेणारा जास्त, त्यामुळं खाली कुठं तिखट लागलं तर चालवून घ्या.

सगळ्यात आधी जुने कपडे. यावर मी अर्धा तास न थांबता बोलू शकतो. २०१९ ला पुणे-बंगळूर हायवे बरेच दिवस पाण्याखाली होता, माल वाटेतच अडकून पडलेला, आणि पाणी उतरल्यावर एका रात्रीत अकरा गाड्या आमच्या दारात. त्यातली सगळ्यात मोठी एका शहरातल्या चार-पाच सोसायट्यांनी मिळून भरलेली. गाठोडी सोडली तर आत लग्नातला कोट, उजव्या पायाचा एकच बूट, नाडी नसलेले परकर, जरीचे उसवलेले ब्लाऊज आणि फॅन्सी ड्रेसमधला वाघाचा पोशाख, शेपटीसकट. त्याच गाठोड्यांत बिस्किटांचे पुडे कोंबलेले आणि वर फिनेलची बाटली फुटलेली, म्हणजे बिस्किटंही गेली. नऊ पोरं दोन दिवस नुसती निवडत बसली. ही नऊ पोरं खरं तर खिद्रापूरकडं वैरण घेऊन जायची होती, तिकडं जनावरं उपाशी बांधलेली आणि इकडं आम्ही बुटाचा जोड शोधतोय.

आणि घ्यायला कोण आलं? एक काकू आल्या, एक साडी उलटीसुलटी करून बघितली, घडी घालून परत ठेवली आणि गेल्या. त्यांच्या घरचा तीन एकर ऊस पाण्यात होता. त्यांना मी काय सांगणार, की घ्या, धुतलेली आहे? शेवटी उरलेला ढीग पावसात भिजला, वास सुटला आणि ट्रॅक्टरनं कचरा डेपोत गेला. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पण रस्त्याकडेला असेच कपड्यांचे ढीग पडले होते, म्हणजे हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. जुने कपडे द्यायचेच असतील तर ‘गूंज’सारख्या संस्थेला द्या आणि पूर नसताना द्या. अंशू गुप्तांनी १९९९ ला सुरू केलेलं हे काम, ते लोक आपल्या सेंटरवर कपडे निवडतात आणि निरुपयोगी सुती कापडाचे पॅड बनवतात, त्याला यंत्रणा लागते. आमच्याकडं नऊ पोरं आणि एक मंगल कार्यालय होतं. माझं म्हणणं एवढंच की पूरग्रस्ताला कपडा द्यायचा तर नवीन द्या, थोडा द्या: चड्ड्या, परकर, टॉवेल, चादरी, पॅड. चड्डी कुणीच पाठवत नाही, लाज वाटते बहुतेक.

पाण्याच्या बाटल्या पहिले दोन-तीन दिवस ठीक. नंतर टँकर येतो, तेव्हा पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर आणि झाकणाची वीस लिटरची भांडी जास्त कामाला येतात. माणशी रोज निदान १५ लिटर पाणी लागतं हा जगभर धरला जाणारा हिशोब आहे, तो बिसलेरीनं कसा भागणार.

बाळांसाठी दूध पावडर आणि दुधाच्या बाटल्या पाठवू नका. बाटली धुवायला स्वच्छ पाणीच नसतं, जुलाब लागतात. आपल्याकडं यासाठी १९९२ चा कायदा आहे पण मदतीचा टेम्पो भरताना कायदा कोण बघतो. आईला नीट जेवायला घाला, बाळाचं ती बघते.

औषधं घरातल्या डब्यातून काढून पाठवू नका, एवढं सांगावं लागतं यातच सगळं आलं.

हायवेलगतच्या पहिल्याच गावात गाडी उभी करून वाटप करू नका. त्या गावाला दहावा किट मिळतो आणि आत सहा किलोमीटरवरच्या वस्तीला एकही नाही. घाई असते ना, संध्याकाळपर्यंत परत जायचं असतं, फोटो टाकायचा असतो. मी तर अशा गाडीला सरळ सांगतो, आमच्या माणसाला शेजारी बसवा नाहीतर परत जा. दोन गाड्या खरंच परत गेल्या, जाऊदेत.

आता दुसरी मोठी चूक, आणि ही चांगल्या मनाची पोरं करतात म्हणून जास्त टोचते. पाणी उतरलं की घरात गुडघाभर गाळ असतो. तो ओला आहे तोवरच निघतो, वाळला की दगड, त्यामुळं साफसफाईला माणसं हवीतच. २०१९ ला शहरातून वीस पोरांची टीम आली, फावडी, घमेली, गमबूट सगळं घेऊन, आम्ही फवारणीचा एचटीपी पंप दिला. त्यांनी एका आजीचं घर चार तासांत असं धुतलं की पाण्याची रेघसुद्धा भिंतीवर राहिली नाही. भिजलेली गव्हाची पोती, गाद्या, फुगलेलं कपाट, सगळं ट्रॉलीत. आजी पोरांच्या तोंडावरून हात फिरवत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, “लई चांगलं केलंसा बाळांनो, पण माझी पत्र्याची पेटी कुठं हाय?”

पेटीत रेशन कार्ड, पासबुक आणि सातबारा. ट्रॉली कधीच रिकामी झाली होती. दोन दिवसांनी तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला आले तर घर लख्ख! शेजाऱ्यांना बोलवून, ‘हो, पाणी इथवर होतं’ असं वदवून घेऊन कसंतरी भागलं, पण कागदांसाठी आजींचा नातू तीन महिने हेलपाटे मारत होता.

त्या दिवसापासून माझी सवय अशी की फावडं उचलायच्या आधी मोबाईल काढायचा. मेन स्विच बंद आहे ना बघायचं, मग दारापासून मागच्या परड्यापर्यंत चालत एकच सलग व्हिडिओ, भिंतीवरची रेघ, फ्रिज, पिठाची गिरण असेल तर तिच्यावरचा नंबर, धान्य. टाकायच्या वस्तूंचा दारात ढीग करून त्याचा वेगळा फोटो, घरमालकाला शेजारी उभं करून. तेवढी दहा मिनिटं थांबवत नाहीत काही जणांना, हातात पंप आला की पाणी मारायचंच असतं. पेटी, पिशवी, गादीखालचं काहीही घरच्यांना विचारल्याशिवाय बाहेर टाकायचं नाही. भिजलेली कागदं ओढून सुटी करू नका, फाटतात, मध्ये वर्तमानपत्र घालून सावलीत पंख्याखाली ठेवा. गाळात हात घालायच्या आधी काठी घाला, घोणस असते. पायाला जखम असेल तर गाळात उतरूच नका, लेप्टो (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) होऊ नये म्हणून गोळी घ्यायची का ते डॉक्टरला विचारा, व्हॉट्सअॅपला नको.

व्हॉट्सअॅपवरून आठवलं. २०१९ ला आम्ही एक यादी टाकली: बिस्किटं, मेणबत्त्या, चादरी, खाली माझा नंबर. तारीख टाकली नाही, ही चूक माझीच. चार दिवसांत चादरी भरपूर झाल्या, पण मेसेज काही थांबेना. २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा कुणीतरी वरचं गावाचं नाव बदलून तोच मेसेज फिरवला आणि चिपळूणच्या चादरींसाठी फोन जयसिंगपूरला, तेही आमच्याकडं परत पूर आलेला असताना. आता प्रत्येक यादीवर तारीख, वेळ आणि ‘दोन दिवसांनंतर पुढं पाठवू नका’ असं वरच्याच ओळीत लिहितो.

मागच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, एकाचा फोन आला, बिस्किटांचे चाळीस बॉक्स तयार आहेत म्हणून. म्हटलं, इथं विहिरी आटल्यात, पूर कुठला? तो म्हणाला, मग ठेवू का जूनपर्यंत?