डॅशबोर्ड ठेवायचा की ऑफलाइन रिपोर्ट पाठवायचा? ठरवण्याआधी हे तपासा

नाशिकच्या अंबड-सातपूरचा कारखाना असो की पिंपळगावचं कांद्याचं खळं, आकडे आता सगळीकडे आहेत. टॅलीत नोंदी आहेत, एक्सेलच्या फायली आहेत, वजनकाट्याच्या पावत्याही संगणकातून निघतात. अडतं ते पुढे: हे आकडे कोणाला, कसे दाखवायचे? सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस डॅशबोर्डच दाखवतो, म्हणजे इंटरनेटवरून उघडणारं, आकडे नि आलेख आपोआप ताजे होत राहणारं पान. डेमोत तो झकास दिसतोच. पण बऱ्याच सॉफ्टवेअरमधून दुसरी गोष्टही निघते, ती म्हणजे आकडे सोबत घेऊन फिरणारी फाइल, हाच ऑफलाइन रिपोर्ट. ती इंटरनेटशिवाय उघडते आणि तीत तालुका, महिना, मालाची प्रत असं निवडून बघता येतं. स्लायसर (निवडीची बटणं) लावलेली एक्सेलची पिव्होट फाइल, म्हणजे नोंदींच्या गटवार बेरजा मांडणारा तक्ता, टॅब्लो या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरची डेटासकट पॅकेज केलेली वर्कबुक (ती फुकटच्या टॅब्लो रीडरमध्ये उघडते) किंवा ब्राउझरमध्ये उघडणारी एचटीएमएल फाइल, ही तिची नेहमीची रूपं.

१. प्रश्न कागदावर उतरवा

तीन रकाने आखा: प्रश्न काय, विचारतो कोण, विचारतो कधी. 'आज किती गाड्या आल्या, सरासरी काय भाव पडला?' हे शेठ रोज विचारतात. 'चाळीतल्या उन्हाळ कांद्यात घट किती आली?' हे महिन्या-दोन महिन्यांनी निघतं. 'कोणत्या गिऱ्हाइकाकडून किती माल रिजेक्ट होऊन आला?' हे कारखान्याच्या बैठकीत. रोजच्या प्रश्नांना डॅशबोर्ड बरा, अधूनमधूनच्या प्रश्नांना फाइल पुरते. ज्या प्रश्नापुढे विचारणाऱ्याचं नाव लिहिता येत नाही, तो सरळ खोडून टाका.

२. नोंद कधी होते ते बघा

'लाइव्ह' या शब्दाला इथे फार जण भुलतात. लासलगावला लिलाव सकाळी आणि दुपारी होतात. सौदापट्ट्या मात्र ऑफिसात संध्याकाळी सातला टॅलीत चढत असतील, तर दुपारी चारला डॅशबोर्ड कालचेच आकडे दाखवणार, मग तो किती का वेळा रिफ्रेश (ताजा) होईना. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या डॅशबोर्ड सॉफ्टवेअरच्या प्रो परवान्यात, त्यात आयात केलेल्या (कॉपी करून घेतलेल्या) डेटाला दिवसात ८ वेळा ठरलेला रिफ्रेश लावता येतो, प्रीमियममध्ये ४८ वेळा. लिलावाच्या धंद्याला ८ सुद्धा भरपूर झाले. जास्तीचा परवाना घेण्याआधी नोंद दुपारीच कशी होईल ते बघा, पैसे वाचतील.

३. बघणारा कुठे असतो?

ऑफिसात बसणाऱ्याला दोन्ही चालतं. कळवण-सुरगाण्याच्या डोंगराळ पट्ट्यात फिरणाऱ्या माणसाला मात्र रेंज मिळेलच असं नाही, तिथे फाइलच कामाची. पण ती त्याच्याच फोनवर एकदा उघडून बघा आणि त्या वेळी एअरप्लेन मोड चालू ठेवा. काही एचटीएमएल फायली आलेख काढायला गुपचूप इंटरनेटवरून मदत घेतात. ऑफिसच्या वायफायवर त्या मस्त चालतात, बांधावर कोऱ्या दिसतात.

४. आकडा हलता हवा की थांबलेला?

ऑफलाइन फाइल शिळी होते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. माझ्या मते तोच तिचा मोठा गुण आहे. बँकेशी कर्जाची बोलणी, गिऱ्हाइकाशी रिजेक्शनवरून वाद, वर्षअखेरचा ताळा, अशा ठिकाणी सगळ्यांपुढे एकच आकडा लागतो. मधेच कोणी मागच्या तारखेची एंट्री टाकली, तर पुढच्या रिफ्रेशला डॅशबोर्डवरचा आकडा बदलतो आणि बैठक 'तुमचे बरोबर की आमचे' यावर घसरते. म्हणून फाइलच्या नावात आणि पहिल्या पानावरही आकडे कोणत्या तारखेपर्यंतचे आहेत ते लिहा. 'फायनल नवीन २' असल्या नावांनी कोणाचं भलं झालेलं नाही.

५. फाइलबरोबर काय काय बाहेर जातंय?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. समजा, द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाउसने हंगामाची पिव्होट फाइल केली आणि दिंडोरीच्या एका बागायतदाराला पाठवली. पाठवताना फक्त त्याचंच नाव निवडून ठेवलं, कच्च्या डेटाची शीटही काढून टाकली. तरी पिव्होट आपल्यापुरती डेटाची प्रत फाइलमध्ये ठेवतं. बागायतदाराने फिल्टर काढून एकूण बेरजेवर डबल क्लिक केलं की नवी शीट उघडते आणि तीत सगळ्या ओळी: शेजारच्या बागेला किलोमागे काय दर दिला तेसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या दारात किती जण उभे असतील, याचा अंदाज करा.

त्यामुळे फिल्टर लावून किंवा शीट लपवून भागत नाही. ज्याला जेवढं दाखवायचं, तेवढ्याच ओळी आधी वेगळ्या काढा आणि मग त्यावर फाइल बनवा. माणसं खूप असतील आणि प्रत्येकाने आपापलंच बघायचं असेल, तर तिथे डॅशबोर्ड सरस ठरतो: कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हा नियम सर्व्हरवर लावता येतो आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा प्रवेश बंद करता येतो. पाठवलेली फाइल परत मागता येत नाही. डॅशबोर्डमध्येही एक खड्डा आहेच. पॉवर बीआयमधला 'पब्लिश टू वेब' हा पर्याय आतल्या कामासाठी वापरू नका, त्याची लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं दिसतं.

६. रोजची निगा कोण राखणार?

आकडे ऑफिसच्या संगणकावर असतील, तर पॉवर बीआयला ते गेटवेमार्फत (ऑफिसातला डेटा इंटरनेटवरच्या पॉवर बीआयकडे पोचवणारं छोटं सॉफ्टवेअर) मिळतात, म्हणजे रिफ्रेशच्या वेळी गेटवे आणि डेटा असलेलं मशीन चालू हवं. दिवाळीला बाजार समिती बंद, तुम्ही मेन स्विच बंद करून घरी. सलग ४ वेळा रिफ्रेश फसला की ठरलेला रिफ्रेश आपोआप थांबतो आणि कोणीतरी हाताने चालू करेपर्यंत तसाच राहतो. मग पाडव्यानंतर जुन्याच आकड्यांवर चर्चा. शिवाय प्रो परवाना बनवणाऱ्याला लागतो तसा साधारणपणे बघणाऱ्यालाही लागतो. माणशी खर्च मांडूनच यादी ठरवा.

७. दोन्ही ठेवायचे असतील तर

बहुतेक ठिकाणी शेवटी दोन्ही राहतात, आणि त्याला हरकत नाही. एकच अट पाळा: दोघांचा डेटा आणि हिशोबाची सूत्रं एकाच जागेवरून यावीत. हमाली-तोलाई धरून सरासरी भाव डॅशबोर्डवर आणि न धरता फाइलमध्ये, असं झालं की दोन्हींवरचा विश्वास उडतो. महिनाभराने डॅशबोर्डचा वापर-अहवाल उघडा. जे पान कोणी बघितलेलं नाही ते काढून टाका, आणि त्यातला एखादा आकडा लागतच असेल तर तो महिन्याच्या फाइलमध्ये घाला.