प्रॉम्प्ट देताना या चुका टाळा

'प्रॉम्प्ट' या शब्दाचे मूळ 'पुढे काढणे, बाहेर आणणे' अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे आणि रंगभूमीवरचा त्याचा वापर त्या अर्थाला आजही धरून आहे. नटाच्या मनात असलेले, पण ऐन वेळी ओठांवर न येणारे वाक्य बाहेर काढण्यासाठी विंगेतून दिलेला आधार म्हणजे प्रॉम्प्ट. संहिता घेऊन विंगेत बसण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे आणि नवख्यांच्या बहुतेक चुका हा अर्थ नीट न समजल्यामुळे होतात, असे माझे मत आहे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे क्यू आणि प्रॉम्प्ट यांची गल्लत. क्यू म्हणजे नटाने बोलावे किंवा हालचाल करावी यासाठीची खूण, आणि ती ठरलेली असते. आधीच्या पात्राचे शेवटचे शब्द, बदलणारा प्रकाश किंवा दारावरची थाप हा क्यू प्रत्येक प्रयोगात यावाच लागतो. प्रॉम्प्ट मात्र अडल्याशिवाय द्यायचा नसतो. हा भेद न कळलेल्या, तालमींना न येता थेट प्रयोगाला बसलेल्या एका तरुणाने आमच्या नाटकातला एक प्रवेश माझ्यादेखत कोसळवला. नायिका पत्र वाचून बराच वेळ गप्प राहते, अशी ती जागा होती. त्याला वाटले की ती वाक्य विसरली, म्हणून त्याने ते मोठ्याने दिले. ती दचकून विंगेकडे पाहू लागली, समोरच्या नटाने ते वाक्य बोलले गेले असे समजून पुढचे उत्तर दिले आणि दीड पान गळाले. पत्र कोणाचे होते, हे त्या दीड पानातच उलगडणार असल्यामुळे प्रेक्षकांना ते शेवटपर्यंत कळले नाही. तेव्हापासून मी प्रत्येक ठरलेला पॉज संहितेत लाल पेन्सिलीने नागमोडी रेघ ओढून दाखवतो आणि शेवटच्या पाच तालमी पूर्ण बसून पाहतो. गप्प असलेला नट भूमिकेत असेल, तर त्याची नजर कुठेतरी रोवलेली असते; वाक्य हरवलेल्या नटाची नजर भिरभिरते. हा फरक तालमीत बसूनच कळतो आणि त्याला जवळची वाट नाही.

दुसरी चूक कुजबुजण्याची आहे. फ्रेंचमध्ये प्रॉम्प्टरला 'सुफ्लर' म्हणतात आणि तो शब्द फुंकर घालण्याच्या क्रियापदावरून आला आहे. पण म्हणून वाक्य श्वासावर सोडू नये. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे 'प' आणि 'ब' यांतला भेद पुसट होतो, तर 'स' आणि 'श' मात्र सीत्कारासारखे दूर जातात. परिणामी नटाला शब्द कळत नाही आणि प्रेक्षकाला आवाज ऐकू येतो. मी खालच्या पट्टीत, पण खऱ्या आवाजात बोलतो.

पूर्ण वाक्य देऊ नये, दोन शब्द पुरतात. मात्र ते डोळे झाकून सुरुवातीचे दोन घेऊ नयेत, कारण मराठी संवादांत 'पण मी', 'म्हणजे तू', 'मग काय' अशा सुरुवाती पानोपानी येतात आणि त्यांवरून नट भलत्याच वाक्यावर जातो. त्या वाक्याची ओळख पटवणारा शब्द आधीच अधोरेखित करून ठेवावा. संहिता पाठ झाली आहे, या भरवशावर पानावरून नजर काढू नये.

शब्दाच्या इतर वापरांतही घोळ होतो. विशेषण म्हणून त्याचा अर्थ तत्पर असा आहे, म्हणून प्रॉम्प्टरने घाई करावी असा निष्कर्ष काढू नये. टेलिप्रॉम्प्टर सलग मजकूर पुरवतो. अडल्यावर मदत करणे हे त्याचे काम नाही. संगणकाच्या पडद्यावरील प्रॉम्प्ट हा यंत्राने माणसाला दिलेला, आता आज्ञा द्या असा इशारा असतो, तर भाषा-प्रारूपांच्या, म्हणजे मजकूर लिहून देणाऱ्या संगणकीय प्रणालींच्या, बाबतीत दिशा उलटते आणि माणसाने यंत्राला दिलेल्या मजकुराला प्रॉम्प्ट म्हणतात. यंत्राकडून आलेल्या उत्तराला तेच नाव देऊ नये.

प्रयोगानंतर खुणा तशाच मिटवून टाकणे, ही शेवटची चूक. मी प्रत्येक दिलेल्या प्रॉम्प्टपुढे तारीख लिहितो आणि एकाच ओळीपुढे तीन तारखा जमल्या की संहिता घेऊन त्या नटाकडे जातो. बहुतेक वेळा ते वाक्य आधीच्या क्यूशी नीट जुळत नसते आणि दिग्दर्शकाच्या संमतीने एखादा शब्द बदलला की ती जागा पुन्हा अडत नाही.