पहिल्या मीटिंगची तयारी (बायकोला जिन्यात बसवायचं नसेल तर)

पैसे, कपडे, कागदपत्रं यांची चिंता नको. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगला फी नसते, फॉर्म नसतो, आधार कार्ड कोणी मागत नाही. वर्गणीसाठी काहीतरी फिरतं, त्यात टाकायचं तर टाका. दारू सोडायची इच्छा ही एकच अट. ती डळमळीत असली तरी चालते, माझी होती.

आता खरं काम. एएच्या हेल्पलाइनचा नंबर शोधा आणि ज्या दिवशी जायचं त्याच दिवशी फोन करा. मीटिंगा बऱ्याचदा शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या आवारातल्या खोलीत भरतात. शाळेला सुट्टी लागते, जागा बदलते आणि नेटवरचा पत्ता तसाच राहतो. गणपतीत तर पुण्याच्या पेठांमधला रस्ता कुठला चालू आहे हेसुद्धा विचारा. पलीकडे बहुधा स्वतः पिऊन सोडलेला माणूस असतो, त्यामुळे ‘माझ्या एका मित्राला जरा त्रास आहे’ अशी सुरुवात करू नका. मी केली होती. ‘या की मित्राला घेऊन, तुम्हीपण बसा,’ म्हणाला.

वार, वेळ, जवळची खूण, मीटिंग मराठीत की हिंदीत की इंग्रजीत, हे तुम्ही विचारालच. ते मीही विचारलं होतं. जे विचारलं नाही ते हे: मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड?

ओपन म्हणजे कोणीही येऊन बसावं: बायको, आई, भाऊ, नुसता उत्सुक माणूससुद्धा. क्लोज्ड म्हणजे ज्याला स्वतःला पिण्याचा त्रास आहे तोच आत. मला हा फरक माहीतच नव्हता. ही म्हणाली मी येते, मला बरं वाटलं, स्कूटरवर दोघं गेलो. दारात एका काकांनी अगदी अदबीने सांगितलं की आज क्लोज्ड आहे, वहिनींना बाहेर थांबावं लागेल. ही शाळेच्या जिन्यात बसली, तासभर. जिन्यातला दिवा गेलेला, डास. मी आत बसून एक शब्द ऐकला नाही, सगळं लक्ष दाराकडे. बाहेर आलो तर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. ‘आपलं माणूस म्हणून आले होते,’ एवढंच बोलली. त्यानंतर आठ महिने मी कुठल्याच मीटिंगला गेलो नाही, आणि त्या आठ महिन्यांत काय केलं ते सांगायला नको. त्या ग्रुपची चूक शून्य. प्रश्न मी विचारला नाही. ओपन की क्लोज्ड? हातावर लिहा.

घरच्यांसाठी वेगळी सोय असते हेही मला उशिरा कळलं. अल्-ॲनॉन हा घरच्यांचाच ग्रुप. येरवड्याला १९८६ पासून चालू असलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पिणाऱ्यांच्या बायकांसाठी सहचरी गट आहे. म्हणजे तिने जिन्यात बसायची काही गरज नव्हती. आणि तुम्ही ओपन की क्लोज्ड विचारलंत, तर हेल्पलाइनवरची मंडळी घरच्यांच्या ग्रुपचंही सांगतात.

एक इशारा, आणि इथे विनोद नाही. रोज पीत असाल, सकाळी हात कापत असतील, तर ‘मीटिंगला स्वच्छ जातो’ म्हणून एकदम बंद करू नका. आधी डॉक्टर. अचानक सोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, आणि यात माणूस दगावतो. मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे. कुठे जायचं सुचत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, टोल फ्री. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस ही मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

निघण्याआधी काहीतरी खा. संध्याकाळी सातची भूक आणि तहान यात आपल्याला फरक कळत नाही. नेहमीच्या परमिट रूमवरून रस्ता जात असेल तर वळसा घाला, दोन किलोमीटर जास्त पडू देत. दहा मिनिटं आधी पोहोचा आणि थेट आत जा. बाहेर स्कूटरला टेकून ‘जाऊ की नको’ सुरू झालं की संपलं. ओळखीचं कोणी भेटेल ही भीती असतेच. पुणं आहे, भेटणारच. पण तोही त्याच खोलीत आलेला असतो.

आत नुसतं पहिलं नाव पुरतं. बोलायची सक्ती नाही. देवाचा उल्लेख येईल, तेवढ्यावरून उठू नका. दुसऱ्याचं बोलणं मध्ये तोडायचं नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. चहा मिळाला तर प्या.

एका मीटिंगवरून मत बनवू नका, चार-पाच ग्रुप बघा. निघताना दोघांचे तरी फोन नंबर घ्या. सरळ घरी. जेवा, झोपा. पुढची मीटिंग कधी आणि कुठे ते तिथेच विचारून घ्या, आणि घरून कोणी येणार असेल तर ती ओपन आहे की क्लोज्ड तेही.