टाइम झोन बदलून दाखवणारं ॲप करताय? आधी तारीख विचारा

लंडन आणि न्यूयॉर्कच्या वेळेत किती फरक? कुणीही पटकन ‘पाच तास’ म्हणेल. पण दर मार्चमध्ये दोन-तीन आठवडे तो चारच असतो, कारण उन्हाळी वेळेसाठी अमेरिकेत घड्याळं दुसऱ्या रविवारी तासभर पुढे सरकतात आणि ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. म्हणून ॲपचा पहिला स्क्रीन कागदावर काढताना शहर, वेळ आणि तारीख या तिन्हींना जागा ठेवा. तारीख न विचारणारं ॲप वर्षातले काही आठवडे ठामपणे चुकीचं सांगतं.

फरकांचा तक्ता स्वतः बनवायला बसू नका. आयएएनए या इंटरनेटची नावं-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेचा टाइम झोन डेटाबेस फोनच्या सिस्टिममध्ये असतोच, तो वापरा. फरक मिनिटांत धरा, कारण नेपाळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे.

खरी मेहनत शोधपट्टीत आहे. माणूस ‘बीजिंग’ टाइप करतो, पण डेटाबेसमध्ये त्या नावाचा झोन नाही. चीनसाठी तिथे शांघाय आहे. शहरांची यादी झोनशी जोडायचं काम तुमचंच. ‘सीएसटी’सारखी लघुरूपं दाखवूच नका, ते अमेरिकेतही चालतं, चीनमध्येही आणि क्युबातही.

निकालासाठी शहरांच्या ओळी एकाखाली एक मांडा आणि एकच सरकपट्टी द्या: बोट फिरवलं की सगळ्या ओळी एकदम हलल्या पाहिजेत. रात्रीचे तास गडद करा. तारीख बदलत असेल तर ‘+१’ पुरत नाही, सरळ ‘मंगळवार, पहाटे ३:१५’ लिहा. अर्धवट झोपेत फोन बघणाऱ्याला गणित घालू नये.

पुढची मीटिंग सेव्ह करताना नुसती यूटीसी वेळ साठवू नका. स्थानिक वेळ आणि झोनचं नाव दोन्ही ठेवा. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागांतली उन्हाळी वेळ बंद केली. तिथली पुढच्या उन्हाळ्यातली मीटिंग कुणी आधीच यूटीसीत नोंदवली असती, तर ती तासभर सरकली असती.

शेवटी ॲपला मुद्दाम अडचणीत टाका. न्यूयॉर्कमध्ये मार्चच्या त्या रविवारी पहाटे २:३० वाजतच नाहीत आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे येतात म्हणून १:३० दोनदा वाजतात. पहिल्या वेळी ॲपने तसं सांगावं, दुसऱ्या वेळी ‘यातली कोणती?’ असं विचारावं. मग प्रशांत महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशाची ३० डिसेंबर २०११ ही तारीख टाकून बघा. तो दिवस तिथे उजाडलाच नव्हता.