वावरातला श्रवणदिवस कसा आखावा

एका दिवसात अनेक देशांचे आणि अनेक प्रकारचे संगीत ऐकायचे असेल, तर सर्वप्रथम ऋतू निवडावा. पावसाळ्यात टिनाच्या छपरावरचा पाऊस आणि उन्हाळ्यात दुपारभर चालणारा कूलर हे दोन्ही आलापीचे शत्रू आहेत. म्हणून विदर्भातल्या खेड्यात कोजागिरीनंतरचे, संक्रांतीपर्यंतचे दिवस यासाठी उत्तम. त्या दिवसांत हवा कोरडी असते, पहाट शांत असते आणि कापूस वेचणीमुळे माणूस तासन्‌तास वावरात असतो.

आदल्या संध्याकाळी, जिथे रेंज मिळते तिथे जाऊन, पाच-सहा ध्वनिमुद्रणे पूर्ण लांबीची उतरवून घ्यावीत. त्याहून अधिक नकोत. आपोआप पुढचे गाणे लावणारी सोय बंद करावी आणि वहीत प्रत्येक मुद्रणापुढे गायक, वाद्य, भाषा व प्रदेश लिहून ठेवावा. निवड करताना मी एकच नियम पाळतो: आपल्या गावातल्या एखाद्या आवाजापासून निघावे आणि त्याच्यासारखे काय कुठे वाजते, ते शोधत जावे. असा धागा नसला की परके संगीत कानावरून नुसते वाहून जाते.

पहाटेची सुरुवात जात्यावरच्या ओवीने करावी. घरात ओव्या पाठ असलेली आजी असेल तर आधी तिलाच विनंती करावी. नसेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यांतून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह ‘पारी’ या संकेतस्थळावर आहे, आणि त्यातल्या अनेक ओव्या मूळ आवाजात ऐकता येतात. ओवीत स्वर मोजकेच असतात; लक्ष द्यायचे ते ओळ संपताना स्वर कसा लांबतो, याकडे. त्यानंतर भैरव किंवा तोडी या सकाळच्या रागाचा निदान अर्ध्या तासाचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल लावावा. १९२० साली मूर्तिजापूरला जन्मलेले गायक वसंतराव देशपांडे आपल्याच मुलखातले, त्यामुळे नवख्या श्रोत्याने त्यांच्यापासून आरंभ करण्यात मला एक वेगळाच आनंद वाटतो.

दिवसाचा सर्वांत मोठा वाटा मात्र मी ब्लूजला देतो, आणि तो पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळीत उभे राहूनच ऐकावा, असा माझा आग्रह आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात कृष्णवर्णीय मजुरांच्या शेतातल्या हाकांमधून आणि श्रमगीतांमधून ही गायकी घडली. त्या देशातल्या यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५ या काळात, इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाची मागणी एकाएकी वाढली. म्हणजे त्या वावराचा आणि आपल्या वावराचा व्यवहार जुना आहे. एकमेकांचे गाणे ऐकणे तेवढे राहून गेले. मडी वॉटर्स हा गायक मिसिसिपीतल्या एका मळ्यावर कामाला असतानाच, १९४१ साली, लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी तिथे जाऊन त्याचे गाणे मुद्रित केले. ती मुद्रणे आवर्जून मिळवावीत.

ऐकताना बोटांवर मोजावे. नेहमीच्या ब्लूजमध्ये चार-चार मात्रांचे बारा खंड असतात आणि त्यांत तीन ओळी बसतात. पहिली ओळ पुन्हा गातात, तिसरी तिचे उत्तर देते, आणि प्रत्येक ओळीनंतर उरलेल्या जागेत गिटार बोलते. भाषा कळली नाही तरी ही घडण कळते. दुसऱ्यांदा ऐकताना गंधाराकडे, म्हणजे ‘ग’ या स्वराकडे, कान द्यावा. हा स्वर पुष्कळदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागी लागतो, आणि आंदोलित, म्हणजे हळू हेलकावणाऱ्या, स्वरांची सवय असलेल्या आपल्या कानाला ती जागा लवकर सापडते. वेचणीच्या ठिकाणी इतर बाया-माणसे असतील तर स्पीकर लावण्याआधी त्यांना विचारावे. त्या स्वतः गात असतील तर मोबाइल खिशात ठेवावा.

दुपारी धुऱ्यावरच्या सावलीत भाकर खाऊन झाली की एकाच वाद्याचा माग काढावा. आपल्याकडे खंजिरी म्हटले की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आठवतात. त्यांच्या भजनांच्या ठेक्यापासून निघावे. पुढे कर्नाटक संगीतातली कंजिरा ऐकावी, जिला झांजांची बहुधा एकच जोडी असते आणि जी ओल्या चामड्यामुळे खोल, घुमता आवाज देते. मग अरबी संगीतातले रिक आणि शेवटी ब्राझीलचे पांडेरो. चौघांची ठेवण एकच, कड्यावर ताणलेले कातडे आणि कडेला झांजा, पण बोटांची भाषा प्रत्येकाची निराळी आहे.

वेळ उरला तर पश्चिम आफ्रिकेतला कोरा ऐकावा. भोपळ्यावर गाईचे कातडे ताणून केलेल्या या २१ तारांच्या वाद्यावर वंशपरंपरागत गायक आपल्या आश्रयदात्यांच्या कुळकथा गातात. यवतमाळ-चंद्रपूरकडे गोंडांच्या कुळकथा किंगरी या तंतुवाद्यावर गाणारे परधान ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना ही नाती वेगळी सांगावी लागणार नाहीत.

दिवेलागणीला स्वतःचे सगळे बंद करावे. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना अनेक गावांत याच वेळी होते. तिथे जाऊन बसावे आणि मिळाली तर खंजिरी अगदी जवळून पाहावी. दुपारी ऐकलेले बोट कातड्यावर नेमके कुठे पडते, ते इथेच उमगते.

रात्री ओलिताची पाळी असेल तर मालकंस किंवा बागेश्री सोबत न्यावा. पाण्याच्या मोटारीच्या जवळ मात्र ऐकत बसू नये, कारण तिची घरघर एका ठरावीक सुरावर चालते. तो सूर गायकाच्या षड्जाशी, म्हणजे ‘सा’शी, जुळला नाही की कान लवकर थकतो. पाणी दुसऱ्या टोकाच्या सरीपर्यंत पोहोचायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ त्या टोकाला बसून ऐकावे. पाणी आले की आवाज थांबवून बारे मोडावे, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवावे, आणि परत येऊन आलाप पहिल्यापासून लावावा.